सी प्रोग्रॅमिंग : नागपुरातील प्रारंभिक महाविद्यालयीन अभ्यासक्रम

पदवी किंवा पदविकेच्या सुरुवातीला सी भाषेतून प्रोग्रॅम लिहायला शिकवणारा विषय. नागपुरात तो अभियांत्रिकी, पॉलिटेक्निक, बीसीए आणि बीएस्सीला भेटतो, तसाच वाणिज्य शाखेच्या बीसीसीएलाही. त्यामुळे बारावीला गणित नसलेली मुलेही हाच विषय घेऊन बसतात. ‘लेट अस सी’ या देशभर वापरल्या जाणाऱ्या पुस्तकाचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचेच.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी तयार केली आणि १९८९मध्ये तिचे अमेरिकी प्रमाण ठरले. शिकवण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो: अल्गोरिदम, फ्लोचार्ट, व्हेरिएबल (किंमत ठेवायची, नाव दिलेली जागा), इफ-एल्स (अट), लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा), अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या किमतींची रांग), फंक्शन, पॉइंटर (पत्ता ठेवणारा व्हेरिएबल), स्ट्रक्चर, फाइल. तारकांचे त्रिकोण छापण्यात आठवडे जातात आणि पॉइंटर सत्र संपता संपता उरकला जातो. खरे तर हे उलटे व्हायला हवे, कारण कीबोर्डवरून किंमत वाचणाऱ्या स्कॅनएफमधला ‘&’ पहिल्या आठवड्यातच लिहावा लागतो आणि तो म्हणजे व्हेरिएबलचा पत्ता. तो विसरला की व्हेरिएबलमधली जुनी, निरर्थक किंमतच पत्ता समजली जाते आणि प्रोग्रॅम बहुधा चालता चालता कोसळतो.

अर्धविराम राहिला तर कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) ओरडतो, पण बऱ्याचदा पुढच्या ओळीवर बोट ठेवून. म्हणून एरर दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी तपासावी. जास्त त्रास देतात त्या गप्प चुका. नागपूरच्या मे महिन्यातले ४५ अंश सेल्सिअस फॅरेनहाइटमध्ये बदलायचे आहेत असे समजा. सूत्र ‘९/५*से+३२’ असे लिहिले तर उत्तर ११३ऐवजी ७७ येते. दोन्ही पूर्णांक असल्याने ९/५चे १ होतात, अपूर्णांक तिथेच गळतो. ‘९.०/५’ लिहिले की उत्तर बरोबर. इफमध्ये ‘==’च्या जागी ‘=’ पडले की तुलना न होता किंमत भरली जाते. फॉरच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला तर लूप रिकामाच फिरतो आणि खालची ओळ एकदाच चालते. अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या स्विचमध्ये ब्रेक विसरला की पुढचा ब्रेक येईपर्यंतचे केस ओळीने चालतात.

इफ-एल्ससाठी विजेचे बिल हा नेहमीचा सराव. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. वापर ३४० युनिट असेल तर पहिले १००, मग २०० आणि उरलेले ४० यांना वेगवेगळे दर लावायचे असतात. विद्यार्थी सगळ्या ३४०ना तिसऱ्या टप्प्याचा दर लावून मोकळा होतो. प्रोग्रॅम निमूट चालतो, बिल मात्र फुगते.

टर्बो सी या जुन्या कंपायलरचा निळा पडदा अजूनही भेटतो. तो डॉसच्या १६ बिटांच्या काळातला. आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समधून चालवावा लागतो. ऑल्ट-एफ९ने कंपाइल, कंट्रोल-एफ९ने रन, आणि आउटपुट झर्रकन निघून गेले तर ऑल्ट-एफ५. त्याचा इंट (पूर्णांकाचा प्रकार) २ बाइटांचा, म्हणजे कमाल ३२७६७. म्हणून फॅक्टोरिअलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) प्रोग्रॅममध्ये ७चे ५०४० नीट येतात, ८चे मात्र ४०३२०ऐवजी उणे २५२१६. घरी जीसीसी या मोफत कंपायलरवर ४ बाइटांचा इंट १२पर्यंत साथ देतो, १३ला तोही फसतो. पडदा पुसणारे क्लिअरस्क्रीन जीसीसीत नाही. टर्बो सीत ती ओळ व्हेरिएबलच्या घोषणेच्या वर गेली तर सी फाइल कंपाइल होत नाही, कारण जुन्या प्रमाणात घोषणा ब्लॉकच्या सुरुवातीलाच हव्यात. जीसीसीला ‘-डब्ल्यूऑल’ हा पर्याय दिला की राहिलेला ‘&’ आणि इफमधला एकेरी ‘=’ यांबद्दल इशारा मिळतो. पहिल्या प्रॅक्टिकलपासून तो लावायला हरकत नाही.

रेकॉर्डमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, उद्दिष्ट, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, कोड आणि आउटपुट उतरवून सही घ्यायची असते. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पाठांतर उघडे पडते ते ड्राय रनमध्ये. कागदावर आय, बेरीज असे रकाने आखून लूपची प्रत्येक फेरी हाताने भरायची. आर्मस्ट्राँग संख्येसाठी (अंकांच्या घनांची बेरीज तीच संख्या) १५३ घेतला तर शेवटचा अंक ३, त्याचा घन २७, पुढे ५चा १२५ जोडून १५२, शेवटी १चा १ जोडून १५३. इथेच कळते की मूळ संख्या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये जपली नाही, तर शेवटी तुलना शून्याशी होते.

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, शेवटच्या शून्य बाइटसाठी एक जागा जास्त लागते. रोमन लिपीत नागपूरची अक्षरे ६, म्हणून अ‍ॅरे किमान ७चा. हेच नाव देवनागरीत युटीएफ-८ या अक्षरसंकेतात ठेवले तर डोळ्यांना ४ अक्षरे दिसतात, लांबी मोजणारे स्ट्रलेन मात्र १८ सांगते, कारण मात्रांसह ६ चिन्हे आणि प्रत्येकाला ३ बाइट. अ‍ॅरे इथे १९चा हवा.