पऱ्हाटीच्या पानाखालचा मध

मराठवाड्यात कापूस म्हटलं की भाव आणि बोंडअळी, हेच विषय निघतात. अंगणात फुलझाड म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, कुणी लावत नाही. फार तर वातींसाठी देवकापूस असतो. माझ्या मते मात्र मधमाश्यांसाठी झाड निवडताना कपाशीचा विचार आधी व्हायला हवा.

पान उलटून बघा. मधल्या शिरेवर, देठापासून थोडं पुढे, बारीकशी खळगी असते आणि तिच्यात चकाकणारा थेंब. हा मधुरस. पात्याला, म्हणजे कपाशीच्या कळीला, वेढणाऱ्या तीन हिरव्या पानांच्या बुडाशीही अशा ग्रंथी असतात. म्हणजे पहिलं फूल उमलायच्या आधीच झाडावर खाऊ तयार! त्यासाठी मुंग्या, गांधीलमाश्या, क्रायसोपा हे जाळीदार पंखांचे मित्रकीटक येतात आणि यातले बरेच जण मावा ही कीड, अळ्यांची अंडीही फस्त करतात. झाडानं राखणदारांना दिलेली ही मजुरीच.

फुलं पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी येतात. देशी कपाशीच्या पिवळ्या फुलात तळाशी बहुधा गडद लाल ठिपका दिसतो. फूल सकाळी उमलतं आणि त्याचं काम एका दिवसात आटोपतं. पराग जड, चिकट आणि काटेरी, त्यामुळे तो वाऱ्यानं उडत नाही. मधमाश्यांनाही त्याच्या गोळ्या पायाला बांधणं अवघड जातं. त्या मुख्यतः रसासाठी येतात आणि अंगाला चिकटलेला पराग पुढच्या फुलावर नेतात. कपाशीत स्वपरागण होतं, त्यामुळे माश्यांवाचून बोंडं अडत नाहीत. पण त्या आल्या तर सरकी भरायला हातभार लागतो.

बियाणं मात्र जपून निवडा. बाजारातल्या पाकिटातली रंगीत सरकी बहुतेकदा इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाचा लेप दिलेली असते. ते औषध झाडाच्या रसातून सगळीकडे पसरतं, त्याचा अंश मधुरसातही उतरू शकतो. बीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या कपाशीला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातलं प्रथिन बोंडअळ्यांना मारण्यासाठी आहे, मधमाश्यांना खरा धोका फवाऱ्याचा आणि लेपाचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं देशी कपाशीचे वाण विकसित केले आहेत. तसलं, लेप न दिलेलं बियाणं मिळालं तर उत्तम. जागा भरपूर उन्हाची, पाणी साचणार नाही अशी हवी.

घराभोवती कपाशीची शेतं असतील तर हंगाम संपल्यावर किडकी, गळालेली बोंडं वेचून नष्ट करा आणि देवकापूस छाटून टाका. नाहीतर गुलाबी बोंडअळी तिथंच मुक्काम करून पुढच्या खरिपात शेजाऱ्याच्या रानात उतरेल.