सायकल कुरकुरते, स्मार्ट स्विच सांगत नाही

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जाणारी काळी दणकट सायकल आणि पहाटे गंगापूर रोडवर धावणारी महागडी गिअरवाली, दोघींच्या चेनची कडी अर्ध्या इंचाचीच. सुटा भागही सहसा मिळतो. शिवाय सायकल बिघडण्याआधी बोलते. चेनमधल्या पिना झिजल्या की चेन लांबते. 12 इंचांमागे एक सोळांश इंच वाढ दिसली, की ती बदलायची. नाहीतर चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे दातेही जातात. चाकातले छर्रे खरखरतात, रिंग डुगडुगली की आउट, म्हणजे तिचा वाकडेपणा, काढून मिळतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटरच्या या शर्यतीतही मागून मदतीची गाडी लागतेच.

आता भिंतीतला स्मार्ट स्विच, म्हणजे फोनवरूनही चालणारं बटण बघा. त्यातला रिले, म्हणजे प्रत्यक्ष वीज जोडणारा-तोडणारा भाग, साधारण लाखभर वेळा चालू-बंद होऊ शकतो. दिवसाला दहा वेळा दाबला तरी पंचवीस वर्षं सहज. आधी मरतो तो विजेचा पुरवठा सांभाळणारा छोटासा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. त्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. 105 अंशांना 2,000 तास टिकणारा कपॅसिटर 65 अंशांना 32,000 तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडा जास्त टिकेल. 75 अंशांना दोन वर्षंही नाही. स्विच चोवीस तास जागा असतो, हे विसरू नका. मे महिन्यात पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीत, बंद बोर्डाच्या डब्यात त्याची काय गत होत असेल! बदलायचा भाग मोजक्या रुपयांचा, पण खोकं चिकटवून बंद केलेलं. वायरमन तरी काय करणार? तो अख्खा स्विचच बदलतो.

दुसरी गोम घराबाहेर आहे. अ‍ॅपवरून दिवा लावताना निरोप फोन, राउटर, इंटरनेट कंपनी, स्विच बनवणाऱ्या कंपनीचा दूरचा सर्व्हर, पुन्हा इंटरनेट, राउटर आणि स्विचमधली चिप असा फिरतो. प्रत्येक टप्पा 99 टक्के भरवशाचा धरला, तरी सातांचा गुणाकार 93 टक्क्यांवर येतो. आणि सर्व्हरच बंद केला तर? अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ हे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं यंत्र 2016 मध्ये असंच निकामी झालं. वस्तू धडधाकट, सेवा बंद. 2022 मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंसाठीच्या सामायिक मानकात घरातल्या घरात नियंत्रणाची सोय आहे, ही जमेची बाजू. कपॅसिटर मात्र त्याने थंड होत नाही.

माझं मत विचाराल तर नेहमीच्या बटणामागे बसणारं स्मार्ट मॉड्यूल घ्या, म्हणजे नेट गेलं तरी बटण चालतं. घेण्याआधी दुकानदाराला राउटर बंद करायला सांगा, आणि मग दिवा लावून बघा.