मनोविकारांच्या औषधोपचारातील जनुकीय चाचणी

मनोविकारावरील औषध सुरू करण्यापूर्वी, किंवा ते सोसत नाही असे दिसल्यावर, रुग्णाच्या डीएनएतील ठरावीक भेद पाहून औषध व मात्रा ठरवण्यासाठी केली जाणारी तपासणी. आजार नैराश्य आहे की द्विध्रुवीय विकार, हे तिच्यातून कळत नाही. निदान अजूनही मुलाखत आणि लक्षणांचा इतिहास यांवरच होते.

तिचा सर्वांत भक्कम उपयोग धोका टाळण्यात आहे. द्विध्रुवीय विकारात दिल्या जाणाऱ्या कार्बामॅझेपिनमुळे क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो : ताप येतो, तोंड-डोळे सोलवटतात, कातडी फोडांनी सुटू लागते आणि जीवही जाऊ शकतो. एचएलए-बी*१५:०२ या, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकप्रकाराशी याचा घट्ट संबंध तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवला. २००७ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने आशियाई वंशाच्या रुग्णांत औषधापूर्वी ही चाचणी करण्याची सूचना दिली. भारतीयांत हा प्रकार सरासरी २ ते ४ टक्के मानला जातो. अहवाल होकारार्थी आल्यास कार्बामॅझेपिन टाळावे, आणि त्याचे भावंड ऑक्सकार्बाझेपिनही. नकारार्थी आला तरी पहिले दोन-तीन महिने पुरळावर नजर हवीच, कारण इतर जनुकप्रकारांमुळेही प्रतिक्रिया येते.

दुसरा गट यकृतातील विकरांच्या, म्हणजे औषधे मोडणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचा. सीवायपी२सी१९ हे विकर सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन या नैराश्यावरील औषधांचे विघटन करते. सीवायपी२डी६ हे नैराश्यावरील पॅरॉक्सेटिनचे आणि रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल या मनोविकृतीवरील औषधांचे. जनुकाच्या आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी असतील तर औषध रक्तात साचते. सीवायपी२सी१९ असे असल्यास सिटालोप्राम दिवसाला २० मिग्रॅपेक्षा जास्त देत नाहीत, कारण ईसीजीत (हृदयाच्या विद्युत आलेखात) क्यूटी हा टप्पा लांबतो, आणि हृदयाची लय बिघडू शकते. सीवायपी२डी६ निकामी असल्यास अ‍ॅरिपिप्राझोल निम्म्या मात्रेत देतात. सीवायपी२सी१९ला निकामी करणारा *२ प्रकार युरोपीयांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत जास्त आढळतो. द्विध्रुवीय विकारावरील लिथियम मात्र मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. त्याच्या मात्रेसाठी ही जनुके तपासण्यात अर्थ नाही.

नमुना म्हणून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत २-३ मिली रक्त किंवा गालाच्या आतून फिरवलेला बोळा घेतात. हेपॅरिन या दुसऱ्या रक्त-गोठणरोधकाची नळी चालत नाही, ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवते. बोळ्यापूर्वी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तातून दात्याची जनुके वाचली जातात, आणि यकृत बदललेल्याच्या बाबतीत रक्त एक सांगते, यकृत दुसरेच करते.

चुका बहुधा वाचनात होतात. सीवायपी२डी६ शेजारी त्याच्यासारखेच दिसणारे निकामी सीवायपी२डी७ असते, शिवाय मूळ जनुकाच्या प्रती कमी-जास्त असतात. प्रतींची संख्या न मोजणारी स्वस्त चाचणी हे चुकवते. यादीतला भेद सापडला नाही की अनेक प्रयोगशाळा ‘*१’, म्हणजे सामान्य, असे लिहून मोकळ्या होतात. म्हणून कोणते भेद तपासले, ती यादी अहवालात आहे का ते आधी पाहावे.

‘तुमच्यासाठी योग्य गोळी’ हा जाहिरातींचा दावा पुराव्यापेक्षा मोठा आहे. अमेरिकेतील १,९४४ माजी सैनिकांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जनुकीय अहवाल हाताशी असलेल्या गटाला नैराश्यमुक्तीत थोडाच फायदा दिसला आणि २४व्या आठवड्यात तोही ठळक उरला नाही.

सोबतची औषधेही विचारावी लागतात. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन सीवायपी२डी६ला रोखते, त्यामुळे अहवालात ‘सामान्य’ असलेला रुग्ण प्रत्यक्षात मंद विघटन करणाऱ्यासारखा वागतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम काही आठवडे टिकतो.