पिशवी निघाल्यानंतरचं पोट

गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत होतं. त्यानंतरची वर्षं मात्र राजापूर-कणकवलीकडच्या घरी काढायची असतात. गाठ गेली, मळ गोळा करणारी पोटावरची पिशवीही निघाली, तरी सकाळी तासाभरात तीन-चारदा संडासला जावं लागतं. मुंबईची एसटी पकडायची तर माणूस आदल्या दुपारीच जेवण बंद करतो.

१९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशय गुदद्वारासकट काढायची पद्धत मांडली. जीव वाचे, पिशवी मात्र जन्मभराची. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या क्लॉड डिक्सन यांनी वरच्या भागातली गाठ काढून आतडं पुन्हा जोडण्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. सत्तरच्या दशकात आतड्याची टोकं पिनांनी जोडणारा गोल स्टेपलर आला नि जोड आणखी खाली घेता येऊ लागला. १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी भोवतालचं चरबीचं आवरण अखंड काढण्यावर भर दिला. त्याच जागी गाठ उलटण्याचं प्रमाण खूप घटलं. पिशवी टळली की ऑपरेशन यशस्वी, असं माप रूढ झालं ते या ओघात.

पण गुदाशय ही साठवणीची जागा. तिथे सरळ आतडं जोडलं की मळ थांबायला जागाच उरत नाही. गुदद्वार आवळणारा स्नायू आणि नसा दुखावलेल्या असतात, रेडिएशनने उरलेला भाग कडक होतो. १९८६ मध्ये फ्रान्सच्या दोन गटांनी आतड्याचीच छोटी थैली शिवून पाहिली. पहिलं वर्ष-दीड वर्ष तिचा फायदा दिसतो, पुढे फरक कमी होत जातो.

या त्रासाला आकडा मिळाला थेट २०१२ मध्ये. डेन्मार्कच्या एमर्टसेन आणि लॉरबर्ग यांनी पाच प्रश्नांची, ४२ गुणांची मोजणी तयार केली. ३० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे त्रास तीव्र. दिवसात सातपेक्षा जास्त वेळा जावं लागलं तर गुण फक्त ४; आठवड्यातून एकदा जरी कळ आल्याबरोबर धावावं लागलं तर १६! तपासणीत आपल्याकडे आधी विचारतात, ‘किती वेळा जाता?’ ज्याचा संडास परसाच्या टोकाला आहे आणि बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतोय, त्याला ‘धावावं लागतं का?’ हे कुणी विचारतच नाही.

पहिल्या एक-दोन वर्षांत त्रास बराच उतरतो. पुढे उरतो तो अनेकांना वर्षानुवर्षं पुरतो. लोपेरामाइड हे जुलाब रोखणारं औषध, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत हे उपाय आहेत, पण ते डॉक्टरांकडे स्वतःहून मागावे लागतात.