आपत्कालीन मदतीसाठी दूरध्वनी

आग, अपघात, गुन्हा किंवा अचानक उद्भवलेले गंभीर आजारपण अशा प्रसंगी पोलीस, अग्निशमन दल अथवा रुग्णवाहिका यांना तातडीने बोलावण्यासाठी करायचा दूरध्वनी. बहुतेक देशांत त्यासाठी तीन आकडी क्रमांक राखून ठेवलेला असतो. तो लक्षात ठेवायला सोपा असतो आणि तिथे रात्री-अपरात्रीही कोणीतरी उत्तर देते. युरोपीय संघात व भारतात ११२, अमेरिका व कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ००० हे क्रमांक चालतात. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि आग व रुग्णवाहिकेसाठी ११९ असे दोन वेगळे क्रमांक आहेत. परदेशी जाणाऱ्याने तिथला क्रमांक आधीच पाहून ठेवावा. गरज पडल्यावर तो शोधत बसायला सवड नसते.

अशा क्रमांकाची कल्पना एका आगीतून आली. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच महिलांचा मृत्यू झाला. समोरच्या शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो इतर सर्वसाधारण कॉलच्या रांगेत अडकून पडला. त्याने वृत्तपत्राला लिहिलेल्या संतप्त पत्रानंतर चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा क्रमांक फिरवताच एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे, भोंगा वाजे आणि ऑपरेटर हातातले काम सोडून तो कॉल घेई. अमेरिकेत ९११ वरचा पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावातून झाला. ११२ हा सामायिक क्रमांक ठेवण्याचा निर्णय युरोपात १९९१ मध्ये झाला. न्यूझीलंडची गोष्ट गमतीची आहे. तिथल्या जुन्या फोनच्या तबकडीवर आकडे उलट्या क्रमाने होते, त्यामुळे १ फिरवला की तारेतून नऊ ठोके जात. यंत्रणा ब्रिटिश घडणीची असल्याने तिला ते ९९९ वाटे, म्हणून तिथे १११ हा क्रमांक आला.

फोन कधी करावा, याचा निकष सोपा आहे: कोणाच्या जिवाला आत्ता धोका असेल, आग लागली असेल किंवा गुन्हा घडत असेल तर लगेच. माणूस हाका मारूनही प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, छातीत आवळल्यासारखे दुखत असेल, रक्त दाबून धरूनही थांबत नसेल, आकडीचा (फिटचा) झटका पाच मिनिटांहून जास्त चालला असेल, ओठ-जीभ सुजून श्वास कोंडत असेल, तर घरच्या घरी वाट पाहू नये. चेहऱ्याची एक बाजू लोंबणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून रुग्ण शेवटचा केव्हा ठणठणीत दिसला होता, ती वेळ सांगणे फार मोलाचे ठरते.

‘रुग्णवाहिका येईपर्यंत आपणच गाडीत घालून नेऊ’ हा विचार स्वाभाविक आहे, पण हृदयविकाराच्या झटक्यात तो अनेकदा घातक ठरतो. वाटेत हृदय बंद पडले तर गाडी चालवणारा काहीच करू शकत नाही. सुसज्ज रुग्णवाहिकेत मात्र विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र असते आणि उपचार दारातच सुरू होतात. उलट जुनी पाठदुखी, औषध संपणे, चार दिवसांपूर्वी झालेली चोरी यांसाठी हा क्रमांक नाही. शंका असेल तर फोन करावा, हेच बरे: प्रसंग किती गंभीर आहे हे ठरवण्याचे प्रशिक्षण पलीकडच्या माणसाला दिलेले असते.

कॉल लागल्यावर सर्वांत आधी ठिकाण सांगावे. काय झाले हे नंतर सांगता येते; पण मध्येच फोन तुटला आणि नियंत्रण कक्षाकडे फक्त पत्ता असला, तरी तिथे कोणाला तरी पाठवता येते. मोबाईलमुळे आपण कुठे आहोत हे ‘त्यांना दिसतेच’ असा समज पसरला आहे. मोबाईल टॉवरवरून काढलेली जागा शेकडो मीटर, उघड्या माळरानावर तर कित्येक किलोमीटर चुकू शकते. २०१४ पासून ब्रिटनमध्ये आणि नंतर इतर अनेक देशांत फोन स्वतःच आपले नेमके ठिकाण कक्षाला कळवतो, परंतु ही सोय सर्वत्र नाही, आणि कितवा मजला, कोणते फाटक, कोणता जिना हे तर सांगावेच लागते. महामार्गावर किलोमीटरचा दगड आणि आपण कोणत्या दिशेने निघालो होतो, हे दोन्ही सांगावे. दुभाजकाच्या चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला परतून यायला बराच वेळ लागतो.

त्यानंतर प्रश्न सुरू होतात आणि इथेच फोन करणाऱ्याचा तोल जातो: ‘प्रश्न कसले विचारता, आधी गाडी पाठवा!’ ठिकाण आणि प्रसंग कळताच बहुतेक ठिकाणी गाडी रवाना केली जाते. प्रश्न विचारणारा आणि गाडी पाठवणारा अनेक कक्षांत वेगवेगळे असतात. पुढचे प्रश्न सोबत कोणती सामग्री लागेल आणि तोवर तुम्ही काय करायचे हे ठरवण्यासाठी असतात. ठरावीक क्रमाने प्रश्न विचारून फोनवरच सूचना देण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी घडवली. उत्तर देताना निदान सांगू नये, दिसते ते सांगावे. ‘अॅटॅक आलाय’ यापेक्षा ‘घाम फुटलाय, ओठ निळे पडलेत, हाक ऐकत नाही’ हे अधिक उपयोगी. थांबून थांबून आचके दिल्यासारखा येणारा श्वास हा श्वास नव्हे. तो हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटे दिसू शकतो आणि त्यामुळे नातेवाईक फसतात. अशा वेळी फोन स्पीकरवर ठेवून, सांगतील तसे छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढांत निदान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. मदत पोहोचेपर्यंत किंवा पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

क्रम बदलतो तो आग आणि गॅसगळतीत. आधी सर्वांनी बाहेर पडावे, मग फोन. गॅसचा वास येत असताना दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये आणि मोबाईलही घराबाहेर जाऊनच वापरावा.

गर्दीत वेगळीच अडचण येते. प्रत्येकाला वाटते, कोणीतरी फोन केलाच असेल. म्हणून एकाकडे बोट दाखवून ‘तुम्ही, निळ्या शर्टवाले, फोन लावा आणि लागला की मला सांगा’ असे म्हणावे. दुसऱ्या एकाला रस्त्याच्या तोंडाशी गाडीला वाट दाखवायला उभे करावे.

चुकून क्रमांक लागला तर घाबरून कट करू नये. चूक झाली, सर्व ठीक आहे, एवढे सांगून मग ठेवावा. तुटलेला कॉल कक्षाला संशयास्पद वाटतो, ते परत फोन करतात आणि काही ठिकाणी पोलीसही पाठवतात. घरात हिंसक माणूस असल्याने बोलणेच शक्य नसेल, तर ब्रिटनमध्ये मोबाईलवरून ९९९ लावून विचारणा झाल्यावर ५५ दाबल्यास कॉल पोलिसांकडे जोडला जातो. काही देशांत, मुख्यतः कर्णबधिरांच्या सोयीसाठी, लघुसंदेशानेही मदत मागता येते. मात्र त्यासाठी आपला क्रमांक आधी नोंदवून ठेवावा लागू शकतो.