अंगठा, तर्जनी आणि अडीच मिलीमीटर

पहिलीच क्लासिकल गिटार घडवायला बसलेला माणूस टेबलावर आराखडा उलगडतो, तेव्हा त्यातले बहुतेक निर्णय दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेलेले असतात. तारांची ६५० मिलीमीटर लांबी, मोठं अंग, तबलीच्या (म्हणजे गिटारीच्या पुढच्या पातळ फळीच्या) पोटाला पंख्यासारख्या चिकटवलेल्या सात बारीक पट्ट्या. हे सगळं मुख्यतः एका स्पॅनिश सुतारामुळे रूढ झालं. त्याचं नाव आंतोनियो दे तोर्रेस, जन्म १८१७, आल्मेरियाजवळचा.

त्याच्या आधीची गिटार लहान होती आणि आवाजही बेताचाच. बरोक काळात, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकात, तिला तारांच्या पाच जोड्या असत. सहा सुट्या तारा अठराव्या शतकाच्या अखेरीस आल्या. पंखापट्ट्या तोर्रेसने शोधल्या असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. सेव्हिलचे कारागीर त्या आधीपासून वापरत होते. त्याने अंग मोठं केलं, तबली पातळ करून तिला किंचित फुगवटा दिला आणि तिला पेलणाऱ्या पट्ट्यांचा मेळ बसवला. आवाज तबलीतून येतो, हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं की १८६२ मध्ये त्याने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केलेली गिटार बनवली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठ-बाजूंना महागडं रोझवूड लाकूडच हवं म्हणून अडून बसलेल्या नवशिक्याला मी हीच गोष्ट आधी सांगेन.

एवढं करूनही या कामावर त्याचं पोट भरलं नाही. १८७० च्या सुमारास तो सेव्हिल सोडून आल्मेरियाला परतला, चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान काढलं आणि काही वर्षांनी पुन्हा गिटारीकडे वळला.

एकट्याने, घरच्या टेबलावर गिटार करता येते यामागे स्पॅनिश पद्धतीचा मोठा हात आहे. तिथे सोलेरा नावाची एक सपाट फळी लागते, तबलीच्या फुगवट्यासाठी थोडी खोलगट केलेली. तबली तिच्यावर पालथी ठेवायची, मान आधीच जोडायची, तापलेल्या नळीवर वाकवलेल्या बाजू मानेच्या टाचेतल्या खाचांत सरकवायच्या आणि शेवटी पाठ लावून पेटी बंद करायची. मान आणि पेटी वेगवेगळी करून नंतर अचूक सांधा बसवायची कटकट उरत नाही. रंधा, पटाशी, कानस, सरस आणि पुष्कळ चिमटे असले की काम सुरू होतं.

हत्यारं साधी असली तरी माहिती मात्र बराच काळ घराण्यांत आणि कार्यशाळांतच राहिली. स्पेनबाहेर पहिली मोठी फट पाडली म्युनिकचा गिटार कारागीर हेर्मान हाउझर याने. १९२४ मध्ये विख्यात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया तिथे आला असता हाउझरने त्याची स्पॅनिश गिटार बारकाईने पाहिली. पुढे बरीच वर्षं प्रयत्न करून १९३७ ची जी गिटार त्याने सेगोव्हियाला दिली, ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या आणि अल्बर्ट ऑगस्टीनच्या नायलॉनच्या तारा आल्या. आज सगळे आराखडे त्या तारांचा ताण धरूनच असतात.

हौशी माणसासाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६६ मध्ये, गिटार कशी घडवायची हे सांगणाऱ्या अर्व्हिंग स्लोनच्या सचित्र पुस्तकाने. हौसेतून नामांकित कारागीर झालेला होसे रोमानियोस तर मुळात फर्निचरचा कारागीर. इंग्लंडमध्ये राहून त्याने १९६१ मध्ये हौसेखातर पहिली गिटार केली. पुढे नामवंत इंग्लिश गिटारवादक ज्युलियन ब्रीम त्याची १९७३ ची गिटार वाजवू लागला. तोर्रेसचं चरित्रही १९८७ मध्ये रोमानियोसनेच लिहिलं.

तोर्रेसच्या एका पाद्री मित्राची आठवण प्रसिद्ध आहे. तुमचं गुपित पुढच्यांसाठी ठेवून जा, असं त्याने म्हटल्यावर तोर्रेस उत्तरला की ते माझ्याबरोबरच जाणार, कारण तबली जमली की नाही हे माझा अंगठा आणि तर्जनी मला सांगतात. आज आराखड्यावर तबलीची जाडी छापलेली असते, साधारण अडीच मिलीमीटर. पण तबलीसाठी वापरायच्या स्प्रूस लाकडाची एक फळी दुसरीसारखी ताठ नसते. म्हणून नवशिकाही थोडं रंधून थांबतो, फळी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवतो, आणि पुन्हा रंधा हातात घेतो.