कोठडीतल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कुणाची? कैद्यांच्या दाव्यांमागची पार्श्वभूमी

वर्धा रोडवर रहाटे कॉलनी चौकातून अजनीकडे जाताना मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. नागपूरकरांच्या नजरेला ती इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. मुलाकातीसाठी पिशव्या घेऊन आलेल्या आया, बायका, म्हातारे बाप बाहेर बसलेले दिसले, की आत माणसं आहेत हे आठवतं. या मंडळींच्या बोलण्यात जामिनाच्या तारखेइतकाच आणखी एक विषय असतो. आत पोराला कुणी मारलं तर? त्याला धमकी आहे हे साहेबांना सांगितलंय, पण ऐकलं नाही तर?

या दुसऱ्या प्रश्नावर आपल्या देशात बरीच वर्षं खटले चालत आले आहेत. मारणारा दुसरा कैदी असो की बाहेरून आलेला शत्रू, ज्यांच्या ताब्यात तो माणूस होता त्या अधिकाऱ्यांनी हल्ला होऊ दिला म्हणून सरकारने भरपाई द्यावी, असे हे दावे आहेत. त्यांचा आधार समजायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. बाहेरच्या माणसाला धोका वाटला तर तो घर बदलतो, दाराला आतून कडी लावतो, गाव सोडून नातेवाइकांकडे जातो. कैद्याला यातलं काहीच करता येत नाही. बराक कुठली, शेजारी कोण, आंघोळीला किती वाजता जायचं, सगळं दुसरा ठरवतो. ज्याने स्वतःला वाचवण्याची सगळी साधनं काढून घेतली, वाचवण्याचं काम त्याच्याच अंगावर येतं. मात्र न्यायालयांना हे मान्य करायला फार वेळ लागला.

नागपूरचं कारागृह 1864 सालचं. त्याच्या तीन वर्षं आधी, 1861 मध्ये, कलकत्त्यात एका घोड्यावरून खटला झाला होता. सरकारी गोदीतले मजूर लोखंडाचा जड तुकडा रस्त्यावरून नेत होते. त्यांच्या निष्काळजीपणामुळे पी अँड ओ या जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारवर दावा लावला आणि तो जिंकला. पण निकाल देताना न्यायालयाने एक भेद सांगितला: सरकार व्यापाऱ्यासारखं काम करत असेल तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, राजसत्ता म्हणून काम करत असेल तर नाही. घोड्याच्या दुखापतीतून निघालेला हा भेद पुढे शंभराहून अधिक वर्षं माणसांच्या आड आला. कारण अटक करणं आणि कोंडून ठेवणं याहून अधिक राजसत्तेचं काम ते कोणतं?

1894 चा कारागृह कायदा याच काळातला. त्यात कैद्यांच्या गुन्ह्यांची आणि शिक्षांची यादी लांबलचक आहे, फटक्यांची शिक्षासुद्धा आहे. कैद्याच्या संरक्षणाच्या जवळ जाणारं कलम म्हणजे 27 वं. स्त्रिया आणि पुरुष वेगळे, कोवळ्या वयाचे वेगळे, खटला चालू असलेले कच्चे कैदी शिक्षा झालेल्या पक्क्यांपासून वेगळे, असं ते सांगतं. ही विभागणी कागदावर सोपी वाटते. बराकीत दुप्पट माणसं झोपत असतील तर कोण कुठे निजणार हे कलम ठरवत नाही, जागा ठरवते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटना आली, तरी तो 1861 चा भेद टिकून राहिला. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कस्तुरीलाल प्रकरण आलं. पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त करून मालखान्यात ठेवलं आणि हेड कॉन्स्टेबलच ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांची बेपर्वाई न्यायालयाला दिसत होती, तरी जप्ती हे सार्वभौम सत्तेचं काम असल्यामुळे सरकारकडून दमडीही मिळणार नाही, असा निकाल लागला. पोलिसांच्या ताब्यातल्या सोन्याची ही गत, तर त्यांच्या ताब्यातल्या माणसाच्या वारसांनी कोणत्या तोंडाने दावा लावायचा?

त्याच वर्षी दुसरीकडे एक छोटी खिडकी उघडली, आणि ती मराठी पुस्तकामुळे उघडली हे आवर्जून सांगावंसं वाटतं. मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात बसून विज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर पाठवू देईना. उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोंडलेल्या माणसाचे सगळेच हक्क दाराबाहेर गळून पडत नाहीत, हा विचार इथून रुजला. 1974 मध्ये विशाखापट्टणमच्या तुरुंगातल्या नक्षलवादी कैद्यांच्या खटल्यात न्यायालयाने तो स्पष्ट शब्दांत मांडला.

मग आलं एक पत्र. फाशीची शिक्षा झालेला सुनील बत्रा तिहारमध्ये होता. तिथल्या एका वॉर्डरने, म्हणजे पहारेकऱ्याने, दुसऱ्या कैद्याच्या घरच्यांकडून पैसे उकळण्यासाठी त्या कैद्याचा अमानुष छळ केल्याचं त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहून कळवलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. डिसेंबर 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालात तुरुंगांमध्ये तक्रारपेट्या ठेवाव्यात, जिल्हा न्यायाधीशांनी आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी आत जाऊन कैद्यांचं म्हणणं ऐकावं, वकिलांना आत जाता यावं, असे आदेश आहेत. या विषयाचा मुख्य धागा मला इथेच दिसतो. आत काय चाललंय हे आतल्या माणसाने सांगायचं, आणि ते ऐकल्याची कुठेतरी नोंद व्हायची. त्यानंतरचे सगळे निकाल या सांगण्या-ऐकण्याभोवतीच फिरतात.

भरपाईचं दार 1983 मध्ये उघडलं. बिहारमधला रुदुल साह निर्दोष सुटल्यावरही 14 वर्षं तुरुंगातच पडून होता. त्याला 35 हजार रुपये देताना न्यायालयाने म्हटलं, की मूलभूत हक्क मोडला असेल तर रिट याचिकेतच, म्हणजे थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जावरच, पैसे देता येतात, दिवाणी दाव्याची वाट पाहायला नको. 1993 मध्ये ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचं पत्र असंच याचिका बनलं. त्यांचा 22 वर्षांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात होता आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वे रुळाजवळ सापडलं. दीड लाख रुपये भरपाई मिळाली. त्याहून मोलाचं म्हणजे, अशा प्रकरणात राजसत्तेचं संरक्षण सरकारला मागता येणार नाही, हे तिथे ठरलं.

ही मारहाण किंवा डांबणूक सरकारी माणसांनीच केलेली होती. एका कैद्याने दुसऱ्याला मारलं तर? 1995 मध्ये उत्तर प्रदेशातल्या केवल पती यांच्या याचिकेवर याचं उत्तर आलं. त्यांचा नवरा शिक्षा भोगत असताना आत मारला गेला. मारणारा कैदी होता, तरी नवऱ्याचा जीव राखणं तुरुंगाचं काम होतं असं म्हणून न्यायालयाने बायको-मुलांना एक लाख रुपये द्यायला लावले. 1998 मध्ये तिहारात मारल्या गेलेल्या एका कच्च्या कैद्याच्या आईला अडीच लाख मिळाले. हे आकडे आज वाचताना जीव कासावीस होतो. पण त्या दोन बायकांनी निकाल मिळवला नसता, तर पुढच्यांना उभं राहायला जमीनच नव्हती.

सगळ्यांत बोलका खटला मात्र आंध्रातला आहे. कर्नूल जिल्ह्यातल्या कोइलकुंटला उपकारागृहात एक बाप आणि मुलगा एकाच कोठडीत होते. जिवाला धोका असल्याचं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. 5 आणि 6 मे 1977 च्या मधल्या रात्री, पहाटे साडेतीनच्या सुमारास काही लोक आवारात शिरले आणि त्यांनी कोठडीत बॉम्ब फेकले. बाप गेला, मुलगा जखमी होऊन वाचला. कुटुंबाने रिट नव्हे, साधा दिवाणी दावा लावला, दहा लाखांचा. खालच्या न्यायालयाने मुदत टळल्याचं कारण देऊन तो फेटाळला. उच्च न्यायालयाने 1 लाख 44 हजार मंजूर केले, आणि सरकार तेवढ्यासाठीही सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2000 मध्ये सरकारचं अपील फेटाळलं गेलं. राज्यघटनेच्या कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग झाला असेल तर सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही, हे दिवाणी दाव्यालाही लागू झालं. कलकत्त्याच्या घोड्यापासून इथवर यायला 139 वर्षं लागली, आणि त्यातली 23 या एका कुटुंबाची हल्ल्यापासून निकालापर्यंत गेली.

नागपूरने हीच गोष्ट वेगळ्या रूपात पाहिली आहे. 13 ऑगस्ट 2004 रोजी जिल्हा न्यायालयात आणलेल्या अक्कू यादवला जमावाने कोर्टाच्या खोलीतच ठार केलं. कस्तुरबानगरच्या बाया वर्षानुवर्षं त्याच्या अत्याचाराखाली जगल्या होत्या आणि त्यांच्या तक्रारींना ठाण्यात दाद मिळाली नव्हती. पुढे खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायांच्या संतापाकडे बोट दाखवण्याची माझी हिंमत नाही. मला त्यात दिसतं ते एकच: ज्या यंत्रणेने आधी बायांचं सांगणं ऐकलं नाही, तिलाच नंतर ताब्यातला माणूस राखता आला नाही.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांचा अलीकडचा इतिहासही रक्ताळलेला आहे. जून 2012 मध्ये येरवड्याच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे राज्यातल्या सर्वांत कडक पहाऱ्याच्या जागी, एका कच्च्या कैद्याचा दोन कैद्यांनी गळा आवळला. जून 2024 मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका कैद्याला आंघोळीच्या वेळी इतर कैद्यांनी ठार केलं. या दोघांवरच्या आरोपांमुळे अनेकांना हळहळ वाटली नाही. पण शिक्षा कोर्टाने द्यायची असेल तर ती शेजारच्या कैद्याने देऊन चालणार नाही, आणि तुरुंगाचं कर्तव्य कैदी आवडता आहे की नावडता हे पाहून बदलत नाही.

भायखळ्याच्या महिला कारागृहात 2017 च्या जूनमध्ये झालं ते याहून भीषण. अंडी आणि पाव कमी भरल्याचं सांगणाऱ्या एका वॉर्डर कैदी महिलेला, म्हणजे इतर कैद्यांवर देखरेखीचं काम दिलेल्या कैदी बाईला, कर्मचाऱ्यांनी मारलं आणि तिचा जीव गेला. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला उभा राहिला. मात्र आतल्या बायकांनी आरडाओरडा केला, छतावर चढल्या, तेव्हा त्यांच्यावरही दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. साक्षीदार म्हणून उभं राहणाऱ्या कैद्याला काय सोसावं लागतं, हे यावरून कळतं.

हे टाळता का येत नाही, याची कारणं गुपित नाहीत. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 होती आणि आत 5,73,220 माणसं होती. त्यातले चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे अजून दोषी न ठरलेले. रात्री टाळं लागलं की एका शिपायाच्या नजरेखाली कितीतरी बराकी असतात. नागपुरात 31 मार्च 2015 च्या पहाटे पाच कैदी गज कापून पळाले, तेव्हा सगळ्या शहराने सुरक्षेची चर्चा केली. गज कापण्याचा आवाज ज्या रात्री कुणाला ऐकू जात नाही, त्या रात्री मार खाणाऱ्याची हाकही ऐकू जाणार नाही, ही बाजू त्या चर्चेत फारशी आली नाही.

अमेरिकेत असे दावे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतात. 1871 च्या एका नागरी हक्क कायद्याखाली कैदी थेट अधिकाऱ्यावर, त्याच्या नावानिशी, दावा लावू शकतो. 1994 च्या फार्मर विरुद्ध ब्रेनन या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी ठरवली: गंभीर धोका आहे हे अधिकाऱ्याला प्रत्यक्ष माहीत असूनही त्याने डोळेझाक केली, हे दाखवावं लागेल. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. 1996 च्या कायद्याने आणखी अट घातली, की आधी तुरुंगातली तक्रार प्रक्रिया पूर्ण करा, मगच कोर्टात या. आपल्याकडची वाट उलटी आहे. अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधण्याआधी न्यायालय सरकारला भरपाई द्यायला लावतं. कुटुंबाला त्यामुळे लवकर आधार मिळतो, पण पैसे तिजोरीतून जातात आणि ज्याने धमकीचा अर्ज बाजूला सारला तो बहुतेक वेळा नामानिराळा राहतो. पैसे त्याच्याकडून वसूल करण्याची मुभा सरकारला असते. ती किती वापरली जाते हे आपण माहितीच्या अधिकारात विचारायला हवं.

काही गोष्टी नक्कीच सुधारल्या. 1993 च्या डिसेंबरपासून कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची खबर 24 तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यावी लागते. 2006 पासून अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितलं, की 2012 ते 2015 या काळात तुरुंगात अनैसर्गिक मृत्यू झालेल्यांचे वारस शोधा आणि त्यांना भरपाई द्या. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने धोरणच मंजूर केलं: काम करताना अपघात, वैद्यकीय हलगर्जीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांमधली भांडणं यांत मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख, आत्महत्येत एक लाख. केवल पती यांच्यासारख्या बाईला आता दिल्लीपर्यंत जावं लागू नये.

हे धोरण मेलेल्यांच्या वारसांसाठी आहे. मार खाऊन जगलेल्या कैद्याला, डोळा गेलेल्याला, हात मोडलेल्याला अजूनही सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका करावी लागते, किंवा सरकारला दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी दावा लावावा लागतो. त्यासाठी दवाखान्याचा कागद लागतो आणि तो तुरुंगाच्या ताब्यात असतो. आधी दिलेल्या अर्जाची पोच लागते, पण बहुतेकांनी धोका तोंडीच सांगितलेला असतो. आणि साक्षीदार लागतात. ते अजून त्याच बराकीत झोपतात, आणि मारणाराही तिथेच असतो.